आरतीच्या चालीत चहा

१४ सप्टेंबर, रविवार

घरातला बोलणारा माणूस मुका झाला म्हणून मी लिहायला बसले. दुसरं कारण नाही. मला डायरीची हौस कधीच नव्हती. माझ्या लेकीनं, वैष्णवीनं, कॉलेजसाठी घेतलेली ही वही दोन पानं लिहून टाकून दिली होती, ती दोन पानं फाडली आणि सुरुवात केली.

पोळा झाल्यानंतरच्या आठवड्यात हे सकाळी ओट्यावर बसून पाण्याच्या मोटारीचं वायंडिंग करत होते. बसल्या बसल्या उजवीकडं कलले. मी म्हटलं, "झोपून राह्यले का?" जवळ जाऊन पाहते तर तोंड वाकडं. लकवा. जीपनं अकोल्याला नेलं. जीव वाचला, त्यासाठी तिथल्या डॉक्टरांच्या पाया पडले. हात-पाय हळूहळू येईल म्हणाले. वाचेचं मात्र सांगता येत नाही म्हणाले. यांना ऐकू येतं, समजतं सगळं. पण बोलायला गेले की "ता ता ता" एवढंच निघतं.

हे, म्हणजे हरीओमभाऊ, आमच्या केनवड गावचा चालता रेडिओ. मोटार दुरुस्तीला आलेला माणूस मोटारीबरोबर चार गावच्या बातम्या घेऊन जायचा. दिवसभर काय काय झालं ते संध्याकाळच्या चहाला आम्ही एकमेकांना सांगायचो, आणि त्यात तीन हिस्से यांचे, एक माझा. आता मीच सांगते. ते माझ्या तोंडाकडं बघत राहतात. कालपासून मी संध्याकाळचा चहा लवकर उरकते.

१७ सप्टेंबर, बुधवार

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई प्रयागबाई, उठल्यापासून मारोतीच्या मागं लागलेल्या असतात. दूध नासू नये म्हणून मारोती. चष्मा सापडावा म्हणून मारोती. आज कुकरची शिट्टी होईना तर हात जोडून म्हणतात, "होऊ दे रे बापा मारोतीराया, एक तरी शिट्टी होऊ दे." मी उठून झाकणाचं रबर नीट बसवलं. शिट्टी झाली. नाव कोणाचं? मारोतीचं.

मला हे पटत नाही. माझं माहेर रिठदचं. आमचे बाबा म्हणायचे, बादलीची कडी तुटली म्हणून कोणी कलेक्टरकडं अर्ज घेऊन जातं का? देवाकडं जायचं तर काम तसं पाहिजे. मी लग्नानंतर त्याला एकदाच मागितलं, वैष्णवीच्या वेळी माझ्या बाळंतपणात, जेव्हा नर्सबाईचाही धीर सुटला होता. ते त्यानं दिलं. आता दुसऱ्यांदा मागितलं. शनिवारी देवळात उभी राहिले आणि सरळ सांगितलं, हात-पाय, वावर, ढोरं, पोरीचं कॉलेज, सगळं मी बघून घेते. तू फक्त यांची वाचा दे.

आत्याबाईंनी त्याच दिवशी गोवऱ्यांवर भाजलेल्या गव्हाच्या जाड रोडग्यांचा नवस बोलला. "माया हरी बोलला की वावरातल्या मारोतीपुढे सगळ्या गावाले रोडगे." त्यांना घाई फार. मी म्हटलं, बोलू तर द्या आधी.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज यांनी वाटी भिंतीवर फेकली. वरण खाली, वर, माझ्या लुगड्यावर, सगळीकडे.

त्यांना काहीतरी पाहिजे होतं. मी पाणी आणलं, नाही. चादर आणली, नाही. मीठ? नाही. संडासला जायचं? नाही. "ता ता ता" करत डाव्या हातानं काहीतरी दाखवायचे, मी भलतंच आणायची. मग वाटी गेली. मीही ओरडले, "मले का देवानं अंतर्ज्ञान देलं काय?" मग ते रडले. त्यांचं पाहून मी रडले. आत्याबाई आतून आल्या, वर बघितलं आणि पंख्याचं बटण दाबलं. पंखा पाहिजे होता त्यांना.

बाप्पा! एक पंखा.

ही गोष्ट मी देवाला सांगितलेली नाही. पंख्याचं काय सांगायचं. नुसतं इथं लिहून ठेवते.

४ ऑक्टोबर, शनिवार

घाईत लिहितेय, अक्षर बघू नये कोणी.

आज यांना पहिल्यांदा देवळात नेलं. शेजारच्या दोघांनी खुर्चीसकट उचलून सभामंडपात बसवलं. मारोतराव, आमच्या भजनी मंडळाचे म्होरके, टाळ घेऊन पुढं. आरती सुरू झाली. मी यांच्या उजव्या बाजूला उभी होते, खांद्यावर उपरणं घसरत होतं ते सावरायला. आणि मला खालून आवाज आला. जाडाभरडा, पण ओळखीचा. हे म्हणत होते. आरती म्हणत होते! एकेक शब्द स्वच्छ, कुठं अडखळणं नाही, मान हलवून, डावा हात मांडीवर आपटून.

मारोतरावांचा टाळ थांबला. सगळे थांबले. हे मात्र थांबले नाहीत, एकटेच शेवटच्या कडव्यापर्यंत गेले. आत्याबाई तिथंच फरशीवर आडव्या झाल्या. "पावला! मारोती पावला!" एकच गलका. नारळ फुटले. कोणीतरी माझ्या कपाळाला गुलाल लावला.

घरी आलो. दार लावलं, यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "बोला आता. काय बोलाचं ते बोला. मी सगळं ऐकते."

त्यांनी तोंड उघडलं. "ता ता ता."

५ ऑक्टोबर, रविवार

गाव पेढे मागायला येऊन राह्यलं आणि मी दार उघडत नाही.

देवा, ही काय थट्टा आहे? एकच मागितलं होतं. रोज भुणभुण करणारी मी नाही. चष्म्यासाठी, शिट्टीसाठी तुझ्या दारात आले नाही कधी. एकच मागितलं आणि तेही असं दाखवून परत घेतलं, लेकराच्या हातातला लाडू घ्यावा तसं. माणूस असतास तर तुला चांगलं सुनावलं असतं.

आत्याबाईंना हेच बोलून दाखवलं. मला वाटलं, चिडतील. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तू त्याले रोज बोलत नाई. कदी इकडची नाई, कदी तिकडची नाई. अन् एकदम जाऊन उभी राह्यली त त्याले वाटन, कोन आली व ही बाई?"

मी उठून ढोरांना पाणी दाखवलं. पण राग गेलेला नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

वाशीमला गेलो. तिथं आता बोलण्याच्या डॉक्टर येतात, सुकेशनी मॅडम. वैष्णवीहून चार-सहा वर्षांनीच मोठी असेल पोरगी, केस बारीक कापलेले. मी देवळातली गोष्ट सांगितली. वाटलं हसेल. ती तर खुर्ची ओढून पुढंच आली.

म्हणाली, "ताई, बोलणं डोक्याच्या डाव्या बाजूला राहतं, तिथं मार बसला. गाणं उजव्या बाजूच्या भरवशावरही चालतं. लहानपणापासून म्हटलेलं, चालीत बसलेलं तिथं जिवंत राहतं. कित्येक लोकांचं असं होते. आता त्या वाटेनंच जायचं. त्या चालीत दुसरे शब्द भरायचे. हळूहळू चाल काढून घ्यायची."

"म्हंजे मारोती पावला नाई?" आत्याबाई विचारत्या झाल्या.

"आजी, मी देवबिव काही मानत नाही. पण यांची आरती मानते. ती चालते."

मग तिनं यांचा डावा हात धरला, टेबलावर ताल धरला आणि आरतीच्या पहिल्या ओळीच्या चालीत, माझंच नाव घालून, "दे वं जोसना, दे वं चहा" असं म्हणायला लावलं. पाच-सहा वेळा तिनं म्हटलं. मग आवाज बारीक करत गेली. शेवटी तिचे नुसते ओठ हलत होते आणि आवाज यांचा होता. "दे वं जोसना, दे वं चहा."

दवाखान्याच्या बाहेरच्या टपरीवर मी त्यांना चहा पाजला. मॅडमनं साखर कमी सांगितली होती. मी दुकानदाराला म्हटलं, भाऊ, आज घाला.

येताना गाडीत आत्याबाई म्हणाल्या, "डोक्याची उजवी बाजू कोनं केली मंग?" त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सोयाबीनची गंजी वावरात आणि आभाळ काळंकुट्ट. सकाळी मळणीयंत्रवाला आला नाही. आत्याबाई आभाळाकडं हात करून, "थांब रे बापा, आजच्या दिवस थांब." मी धावत ताडपत्री आणायला गेले. ढोरांच्या कोठ्यात नाही, माळ्यावर नाही. शेवटी बैलगाडीच्या खाली सापडली. गंजी झाकते न झाकते तोच धो धो आला.

मी म्हटलं, "नाई थांबला तुमचा मारोती."

"ताडपत्री सापडली ना येळेवर?"

या बाईसमोर जिंकता येत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

घराची नाटक कंपनी झाली आहे. हे चहा मागतात आरतीच्या चालीत. पंखा मागतात आरतीच्या चालीत. वैष्णवी दिवाळीला घरी आली आहे, ती उत्तरही चालीतच देते, "आणते बाबा, आणते बाबा, जरासा दम धरा." आज फराळाचं करताना मीही नकळत म्हणाले, "हात धुवा हो, हात धुवा हो," आणि हे इतके हसले की ठसका लागला. लकवा झाल्यापासून पहिल्यांदा हसले.

आत्याबाई मात्र कानावर हात ठेवतात. सगळ्या गोष्टी मारोतीला सांगणारी बाई, पण आरतीच्या चालीत पायजामा मागितलेला तिला चालत नाही. म्हणतात, "देवाची चाल हाय ते, पायजाम्याची नाई." मी म्हटलं, शिट्टीची होती का? तर कढईकडं वळल्या. आज एक तरी मुद्दा माझा.

देवा, यांना हसताना बघितलंस ना? हे मागणं नाही. नुसतं विचारलं.

२ नोव्हेंबर, रविवार

वाईट झालं.

मारोतराव भेटायला आले. चांगला माणूस आहे, अकोल्याला सोबत आलेला, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिलेला. चहा घेत बोलत होते. तेवढ्यात यांना संडासला लागली. आता ही गोष्ट काय दम धरते? यांनी सूर लावला, आरतीचं ते उंच जाणारं कडवं, आणि त्यात "ने वं जोसना, संडासले ने."

मारोतरावांचा कप बशीत आपटला. उभे राहिले. "हरीभाऊ! देवाच्या आरतीत हागनं-मुतनं? लहानपनापासून सोबत टाळ वाजवले आपन. तुमच्याकडून ही आशा नव्हती." मी सांगायला गेले, डॉक्टरनं सांगितलं आहे, ही औषधासारखी गोष्ट आहे. त्यांनी ऐकलंच नाही. चपला घातल्या आणि गेले.

हे खाली मान घालून बसले. संडासला वेळेवर नेता आलं नाही. मी काही न बोलता सगळं धुतलं, कपडे बदलले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवस झाले, तोंड बंद. "ता ता" पण नाही. वाशीमला नेलं, मॅडमनं हात धरून ताल दिला, हे खिडकीबाहेर बघत राहिले. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, हा काळ वापस येत नाही. आता बंद ठेवलं तर बंदच राहू शकतं. काहीही करा, तोंड उघडवा."

काहीही म्हणजे काय करू? हातापायाचं मी बघून घेईन म्हटलं होतं. पाय आला, काठी धरून चालतात. हात थोडा आला. पण लाजेला कुठलं तेल चोळायचं?

संध्याकाळी त्यांच्यासमोर चहा ठेवला. न मागता. तो गार झाला, मी ढोरांच्या टोपल्यात ओतला.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज आत्याबाई देवळात गेल्या आणि मी मागोमाग गेले, कारण त्यांनी चष्मा न घेता, पदर खोचून पावलं टाकली होती. ही चाल मला माहीत आहे.

आरती संपायची वाट बघितली त्यांनी. संपली. मंडपात सगळं गाव. मारोतरावांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"मारोतराव, मले एक सांग. मी गावातली सगळ्यात अडानी बाई. माया दुधासाठी मी मारोतीले सांगते, चष्म्यासाठी सांगते, तू हासते, मले माहीत हाय. पन कदी नाई म्हटलं नाई. मंग मायं लेकरू संडासले ने म्हनते त तुले काहून झोंबलं?"

"काकू, आरतीचा अपमान..."

"त्याच्यापाशी दुसरा सूर हाय काय? सगळं गेलं रे त्याचं. एवढीच एक वाट देवानं उघडी ठेवली. मी बी नाक मुरडलं, मी बी चुकली. पन आता सांगते, त्या वाटेनं तो चहा मांगन, पंखा मांगन, संडासले ने म्हनन. मायं लेकरू देवाच्या सुरात नाई मांगन त कोनाच्या सुरात मांगन? तुह्या?"

मारोतरावांनी टाळ पिशवीत ठेवले. आत्याबाईंचा आवाज तिथंच फुटला, मी हात धरून घरी आणलं. रस्त्यात म्हणाल्या, "जास्त बोलली काय व मी?" मी म्हटलं, "नाई. मापात बोलल्या." खरं तर मला त्यांच्या पाया पडायचं होतं. पडले नाही, त्या घाबरल्या असत्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुपारी अंगणात टाळ वाजला. बघते तर मारोतराव. आत आले नाहीत, ओट्यावर बसले. यांच्याकडं बघितलं, घसा साफ केला आणि आरतीच्या चालीत, भजनातला सगळा खर्ज लावून, "हरीभाऊ हो, चहा पाजता का?"

हे बघत राहिले. मारोतरावांनी पुन्हा म्हटलं. त्यांचे कान लाल झाले होते. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गावचा म्होरक्या, ओट्यावर बसून आरतीत चहा मागतोय आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बाया थांबून बघताहेत. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाज कापला त्यांचा.

यांनी डावा हात मांडीवर आपटला. "ठेव वं जोसना, चहा ठेव."

मी आत पळाले. चहात आलं घालायचं विसरले. दोघांनी तसाच प्यायला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बरेच दिवस लिहिलं नाही, काम होतं आणि सांगायला घरात माणूस होता. हे आता लांब लांब वाक्यं म्हणतात. सूर अजून लागतो, पण मॅडम म्हणते तो पातळ होतो आहे. कधी कधी नुसता ताल असतो, चाल नसते. मारोतराव दर दुपारी येतात आणि दोघं वेड्यासारखे एकमेकांना गाऊन बातम्या सांगतात. काल विषय कोणाच्या तरी बोअरचा होता.

आता घरात नवीन भांडण. रोडगे कधी? मी म्हणते, आता करा. आत्याबाई म्हणतात, "हरी बोलला की, असं कबूल केलं हाय. हे गानं हाय, बोलनं नाई."

"शब्द निघतात ना तोंडातून?"

"शब्द त पोपटाच्या बी निघतात."

त्यात मारोतरावांनी रिवाजाची आठवण दिली. आमच्या गावात रोडग्याचा नवस फेडताना, ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानंच मारोतीपुढं उभं राहून आपल्या तोंडानं सांगायचं असतं, "देवा पावला, आता जेवाले या." त्याशिवाय पहिला रोडगा फोडत नाहीत. तान्हं मूल असेल तर आई सांगते. मी म्हटलं, मग यांच्या बदली मी सांगते. यांनी एवढ्या जोरात मान हलवली की टोपी पडली.

शेवटी असं ठरलं, जानेवारीत करायचं, आणि हे ते वाक्य चालीत म्हणतील. आत्याबाई कशाबशा तयार झाल्या. मारोती काय, समजून घेईल म्हणतात.

२३ जानेवारी, शुक्रवार

उद्या रोडगे. गहू जाडसर दळून आणले, गोवऱ्या वावरात पोचल्या, वांगी आली. वैष्णवी आली. हे सकाळपासून "देवा पावला, आता जेवाले या" घोकत आहेत. चालीत दहादा बरोबर येतं, अकराव्यांदा "ता ता" होतं आणि मग घाम फुटतो. सगळ्या गावापुढं तसं झालं तर? पुन्हा तोंड मिटलं तर? मॅडमला फोन केला. ती म्हणाली, "मीही येते, रोडगे मले आवडतात." एवढाच काय तो धीर.

देवा, मला खरं सांगायचं तर भीती वाटते आहे. तू दिलंस का नाही दिलंस तेच मला अजून कळलेलं नाही, आणि उद्या गाव बोलावून बसले आहे.

२५ जानेवारी, रविवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते.

पहाटेच वावरात गेलो. गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांचा जगरा केला, बायांनी रोडगे थापले, मी भाजायला बसले म्हणजे उभीच होते, चिमटा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिकडं वरण उतू, इकडं वांग्याला मीठ, कोणी तूप कुठं विचारतंय, कोणी पत्रावळ्या. माझ्या नावाचा नुसता बाजार मांडला होता. "जोसनाबाई!" "ज्योत्स्नाताई!" "आई!" धुरानं डोळे चिकटले होते.

आरती झाली. हेही म्हणाले, छान म्हणाले. मग शांत झालं. मारोतरावांनी यांना काठीसकट मारोतीपुढं उभं केलं. सुकेशनी मॅडम कडेला होती, तिनं मांडीवर ताल धरला. आत्याबाईंनी हळूच सूर दिला. मी चिमटा धरून तिथंच, जगऱ्याजवळ. अर्धे रोडगे उलटायचे राहिले होते, जाता येईना.

हे गप्प.

आत्याबाईंनी पुन्हा सूर दिला. यांनी मान हलवली, नको म्हणून. मारोतीकडं बघितलं. मग मागं वळले, काठीवर रेलून, एवढ्या माणसांतून कोणाला तरी शोधायला लागले. मला वाटलं, संडासला लागली. मी चिमटा टाकून निघणार, तर त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. परत मारोतीकडं वळले.

आणि बोलले. चाल नाही, ताल नाही. विहिरीतून जड बादली ओढावी तसं, एकेक शब्द थांबून थांबून.

"देवा. हिले. बसू दे."

कोणाला आधी कळलंच नाही. मला तर मुळीच नाही. मॅडमचा ताल धरलेला हात तसाच राहिला. मग मारोतराव हळूच म्हणाले, "हरीभाऊ, अन् जेवाचं आवतन?"

"गप बस," आत्याबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या. "मायं लेकरू बोललं. देवाले जे मांगाचं ते त्यानं मांगतलं."

वैष्णवीनं जगऱ्यापाशी येऊन चिमटा उचलला. आत्याबाई आल्या, माझं मनगट धरलं आणि ओढत नेलं. मी म्हणत होते, "आत्याबाई, रोडगे करपतील." "करपू दे." "अवो, तूप..." "बस म्हटलं ना!" यांच्या शेजारी, मारोतीच्या अगदी पुढ्यात, सतरंजीवर बसवलं मला. राखेनं भरलेले हात, धुरानं काळं झालेलं तोंड. सगळं गाव उभं आणि मी बसलेली. हेही हळूहळू टेकत माझ्या बाजूला बसले. मग मी रडले, मोठ्यानं, लाज न बाळगता. काही रोडगे खरंच करपले. मारोतरावांनी त्यातलाच एक फोडला.

रात्रभर माझ्या डोक्यात एकच. मी किती मोठं काम सांगितलं होतं देवाला. वाचा. कलेक्टरकडं न्यावं असं काम. आणि या माणसानं ती वाचा मिळाल्या मिळाल्या, पहिलं वाक्य खर्च कशावर केलं? माझ्या बसण्यावर. आणि बादलीच्या कडीसारखं ते थेट त्यालाच सांगितलं, आणि ते ताबडतोब झालंही.

आज सकाळी परत "दे वं जोसना, दे वं चहा," आरतीच्याच चालीत. काल बोललेलं आज येत नाही. मॅडम म्हणाली, येईल, जाईल, परत येईल, धीर धरा. धरते.

देवा, धुरानं डोळे अजून चुरचुरतात. तेवढं बघ.